घासू, स्कॉलर, बाईंचा लाडका

२००९ साली आलेल्या ‘थ्री इडियट्स’मधला शिक्षकदिनाचा प्रसंग पाहिला नाही असा कॉलेजातला मुलगा आपल्याकडे सापडणं कठीण. चतुर रामलिंगम भाषण पाठ करून आलेला असतो. हिंदी त्याला धड येत नाही, त्यामुळे सिनेमाचा नायक रँचो याने कागदावरचे शब्द बदलून ठेवलेत हे त्याच्या ध्यानातच येत नाही आणि मंत्र्यांसमोर तो नको ते बोलत सुटतो. सभागृह हसतं, थिएटरही हसतं. (चतुर रंगवणारा ओमी वैद्य मराठी घरातला, अमेरिकेत वाढलेला, त्याचं तोडकं हिंदी म्हणूनच इतकं पटलं असावं.) आता चतुर काही साधा नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री इतरांचं लक्ष उडवण्याचे त्याचे उद्योग सिनेमा दाखवतोच. पण त्या भाषणाला आपण हसतो ते त्याच्या कपटासाठी नव्हे, पाठांतरासाठी. आणि त्याची खिल्ली उडवणारा रँचो वर्गात पहिला येतो, चतुर दुसरा. रँचो पुस्तक घेऊन मान मोडून बसलाय असं मात्र आपल्याला फारसं दिसत नाही.

कुठल्याही वसतिगृहाचा हाच अलिखित नियम आहे. डोकं असलेलं चालतं, घाम गाळलेला दिसता कामा नये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अब्राहम टॅननबॉम यांनी न्यूयॉर्कच्या एका हायस्कुलात नेमकं हेच तपासलं होतं. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांनी मुलांपुढे आठ काल्पनिक विद्यार्थी ठेवले. हुशार की बेताचा, अभ्यासू की अभ्यासाला न शिवणारा, खेळाडू की मैदानाकडे न फिरकणारा, अशा तीन गोष्टींची उलटसुलट जुळणी करून हे आठ जण तयार झाले होते. नुसती हुशारी मुलांना मुळीच खटकली नाही. हुशार, खेळाडू आणि अभ्यास न करणारा भाव खाऊन गेला. हुशार, अभ्यासू आणि खेळात शून्य असलेला तळाला गेला, बेताच्या बुद्धीच्या मुलांच्याही खाली. म्हणजे चतुरचा निकाल सिनेमा येण्याच्या सत्तेचाळीस वर्षं आधीच लागला होता.

आपल्या शाळा-कॉलेजांत या मुलाला नावांची कमी नाही. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर तो घासू, शाळेत स्कॉलर किंवा पुस्तकी किडा, वर्गाच्या राजकारणात बाईंचा लाडका नाहीतर सरांचा चमचा, आणि गावाकडे ‘लय शाना झालायस व्हय रं’. मराठी वाचकाला तर अशा मुलावर हसायची गोडी पु. लं.च्या सखाराम गटणेने लावली. गटणे छापील बोलतो, पुस्तकांत जगतो, आणि पु. ल. त्याला हसतात ते मायेने. पुढे कित्येक शाळांत चष्मा लावणाऱ्या, शुद्ध बोलणाऱ्या पोराला ‘गटणे’ हे नाव चिकटलं, तेव्हा ती माया मात्र पुस्तकातच राहिली. दासबोधातल्या पढतमूर्खाचा दाखलाही या संदर्भात कुणी कुणी देतं. तो इथे गैरलागू आहे. समर्थांचा रोख विद्या असून आचरण नसलेल्या जाणत्या माणसावर आहे, नववीत बीजगणित सोडवत बसलेल्या पोरीवर नाही.

या टिंगलीचा पहिला परिणाम म्हणजे लपवाछपवी. परीक्षा केंद्राच्या फाटकाशी पाच मिनिटं उभं राहून ऐकावं. ‘झाला का रे तुझा?’ ‘छे, काहीच नाही. काल नऊलाच झोपलो.’ ‘माझी पण वाटच आहे. चौथा धडा उघडलाच नाही.’ बोलणाऱ्या दोघांचेही डोळे जागरणाने तांबारलेले असतात आणि एकाच्या हातातल्या वहीत चौथा धडा दोन रंगांच्या पेनांनी अधोरेखित केलेला असतो. हे खोटं दोन्हीकडून फायद्याचं. मार्क कमी पडले तर सबब तयार, जास्त पडले तर आपण रँचो. इंग्लंडमध्ये कॅरोलिन जॅक्सन यांनी शाळकरी मुलामुलींशी बोलून २००६ साली ‘लॅड्स अँड लॅडेट्स इन स्कूल’ हे पुस्तक लिहिलं, त्यातही हाच खेळ आहे: शाळेत उनाडक्या, घरी दार लावून अभ्यास. त्यांचा एक मुद्दा महत्त्वाचा. ही चैन सगळ्यांना परवडत नाही. स्वतःची खोली, पुस्तकं, शिकलेले आईबाप असतील तर दिवसभर टवाळी करून रात्री भरपाई करता येते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांत राहणाऱ्या मुलाच्या हाताशी शाळेचा तासच काय तो असतो. तो तिथे मान खाली घालून लिहायला लागला की घासू ठरतो.

मुलं असं का वागतात, याचं सर्वांत गाजलेलं उत्तर समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचं. १९६१ साली त्यांचं ‘द अडोलेसेंट सोसायटी’ हे पुस्तक आलं. इलिनॉयमधल्या दहा हायस्कुलांत त्यांनी मुलांना विचारलं होतं, शाळेत तुमची आठवण कशी राहावी असं वाटतं? हुशार विद्यार्थी म्हणून, नामांकित खेळाडू म्हणून, की सर्वांचा आवडता म्हणून? मुलग्यांचा कौल खेळाडूकडे झुकला. कोलमन यांचं म्हणणं असं की यात मुलांचं काही चुकत नाही. फुटबॉलपटू गोल करतो तेव्हा शाळा जिंकते. वर्गातला पहिला जिंकतो तेव्हा बाकीचा वर्ग हरतो. ठरल्यापेक्षा जास्त माल काढून सगळ्यांचं काम वाढवणाऱ्या कामगाराला कारखान्यातले सोबती जसे आवरतात, तसाच वर्ग या मुलाला आवरतो. कॉर्नेल विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ जॉन बिशप यांनी पुढे हाच धागा ओढला. शिक्षक आपल्याच वर्गातल्या मुलांना एकमेकांशी ताडून गुण देतात तिथे हेवा वाढतो, आणि पेपर बाहेरचा परीक्षक तपासतो तिथे तो ओसरतो, कारण तुझे दहा मार्क वाढल्याने माझे कमी होत नाहीत.

बिशप यांचा हा तर्क महाराष्ट्राला लावून पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे दहावी-बारावीला बोर्ड आहे, पेपर तपासणारा अनोळखी आहे. आणि खरोखरच, ज्या काळी बोर्डाची गुणवत्ता यादी निघायची त्या काळी गावातलं पोर बोर्डात आलं की मिरवणूक निघे, तालुक्याच्या शाळेच्या फळ्यावर वर्षानुवर्षं नाव राही, मागच्या बाकावरची मुलंसुद्धा ‘आमच्या वर्गातला’ म्हणून छाती फुगवत. पण ते निकालानंतर. त्याआधीची नऊ वर्षं त्याच मुलाने घरच्याच परीक्षांत ‘नंबर’ काढत काढलेली असतात, आणि टिंगल होते ती त्या नऊ वर्षांत.

सहामाहीचे पेपर वाटण्याचा तास बघा. बाई गठ्ठा घेऊन येतात. गठ्ठा मार्कांप्रमाणे लावलेला, सर्वांत जास्त ते वर. एकेक नाव आणि नावापुढे आकडा. पहिल्या तिघांना टाळ्या, मग ‘बरं’, ‘ठीक’, मग नुसतीच नावं. शेवटची पाच-सहा नावं बाई मुद्दाम सावकाश घेतात. एखादा मुलगा पेपर घ्यायला पुढे येतो तेव्हा त्या पहिल्या आलेल्या मुलीकडे बोट दाखवून म्हणतात, ‘तिच्या शेजारच्या रांगेत बसतोस ना? काही गुण लागला का?’ वर्ग हसतो. त्या मुलीला हसू येत नाही, कारण मधल्या सुट्टीत काय होणार हे तिला ठाऊक असतं. बाईंच्या मते त्यांनी तिचं कौतुक केलं. प्रत्यक्षात त्यांनी तिला फूटपट्टी म्हणून वापरलं आणि वर्गातल्या चाळीस जणांच्या हातांवर मारलं. वळ उठलेले हात बाईंवर उगारता येत नाहीत. घरी हेच काम शेजारच्या काकूंच्या मुलाचं नाव घेऊन होतं. माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे: मुलांचा राग अकलेवर नसतो, मोठ्यांनी ज्याला माप केलं त्याच्यावर असतो.

लिओनार्डो बुर्श्टिन आणि रॉबर्ट जेन्सन यांचा २०१५ सालचा शोधनिबंध या विषयावरच्या साऱ्या लिखाणात मला सर्वांत बोलका वाटतो. अमेरिकेतल्या शंभराहून जास्त हायस्कुलांत संगणकावर उजळणीचा एक अभ्यासक्रम चालू होता. प्रश्न सोडवायचे, बरोबर की चूक ते लगेच कळायचं. एके दिवशी त्यात क्रमवारीचा फलक आला. वर्गात आणि शाळेत पहिले तीन कोण, हे सगळ्यांना दिसू लागलं. हेतू चांगला असणार, मुलांना हुरूप यावा. झालं उलटं. कामगिरी २४ टक्क्यांनी घसरली, आणि आधी जे पुढे होते, म्हणजे फलकावर नाव लागण्याची ज्यांना धास्ती, त्यांची घसरण सुमारे ४० टक्के निघाली. मागे असलेली मुलं किंचित सुधारली. दुसरा प्रयोग लॉस एंजेलिसमधला. अकरावीच्या मुलांना सॅट परीक्षेच्या तयारीचा वर्ग फुकट देऊ केला गेला. काहींच्या अर्जावर लिहिलं होतं की तुमचा निर्णय कुणालाच कळणार नाही. काहींच्या अर्जावर, फक्त या खोलीतल्या मुलांना कळेल. साध्या वर्गांत दुसऱ्या गटाची नोंदणी ११ टक्केबिंदूंनी कमी भरली. प्रगत वर्गांत असा फरकच पडला नाही. आणि काही मुलं दोन्हीकडचे विषय घेणारी होती. त्यांना साध्या वर्गाच्या तासाला विचारलं तर चारचौघांना कळेल म्हणून ती मागे सरली. तशाच मुलांना प्रगत वर्गाच्या तासाला विचारलं तर चारचौघांना कळेल म्हणूनच ती पुढे आली. मूल तेच, इच्छा तीच. भोवतीचे चेहरे बदलले.

नीट-जेईईच्या क्लासेसवर जगणाऱ्या आपल्या गावांत हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. तिथे रात्री दोनपर्यंत जागल्याचं कुणी लपवत नाही, उलट सांगतं. टिंगल असते ती खालच्या बॅचला पडलेल्याची. शांघायच्या मुलांवर शिनयिन चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली केलेल्या अभ्यासातही अभ्यासात पुढे असलेली मुलं सोबत्यांना जास्त हवीशी वाटत होती. म्हणजे हुशाराचा हेवा हा मनुष्यस्वभावच, असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

अमेरिकेत या प्रश्नाला वर्णाचं अंग आहे आणि त्यावर चाळीस वर्षं भांडण चालू आहे. सिग्निथिया फोर्डम आणि जॉन ओग्बू यांनी १९८६ साली वॉशिंग्टनमधल्या एका शाळेबद्दल लिहिलं; शाळेला त्यांनी ‘कॅपिटल हाय’ असं टोपणनाव दिलं होतं. तिथल्या कृष्णवर्णीय मुलांत ग्रंथालयात बसणं, प्रमाण इंग्रजी बोलणं, मार्कांसाठी झटणं म्हणजे गोऱ्यांची नक्कल मानलं जातं, म्हणून हुशार मुलं विदूषकी करून किंवा खेळात नाव काढून आपली हुशारी झाकतात, असं त्यांना आढळलं. राजकारण्यांना हे निदान भलतंच आवडलं, कारण दोष आपसूक मुलांच्या माथी जातो. मग फिलिप कुक आणि जेन्स लुडविग यांनी १९९७ साली देशव्यापी आकडे तपासले, तर कृष्णवर्णीय मुलांत अभ्यासूपणाची किंमत गोऱ्यांपेक्षा जास्त मोजावी लागते असं त्यांना दिसेना. रोलंड फ्रायर यांनी वेगळी वाट धरली. ‘तू लोकप्रिय आहेस का’ असं न विचारता कोण कुणाला मित्र म्हणतं ते मोजलं. गोऱ्या मुलांचे गुण वाढले की मित्र वाढत होते. कृष्णवर्णीय मुलांचे मित्र गुणांच्या चारपैकी साडेतीनच्या सरासरीपर्यंत वाढून मग कमी होत होते. पण हा उतार मिश्र शाळांत होता, जवळपास सारी मुलं कृष्णवर्णीय असलेल्या शाळांत तो दिसत नव्हता. कॅरोलिन टायसन, विल्यम डॅरिटी आणि डोमिनी कॅस्टेलिनो यांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या शाळांत फिरून २००५ साली उरलेली गाठ बऱ्यापैकी सोडवली. प्रगत वर्गांत जिथे बहुतेक गोरीच मुलं बसवली जात, तिथेच गोऱ्यांची नक्कल करतोस हा टोमणा जोरात होता. आणि श्रीमंतांच्या पोरांबरोबर त्या वर्गात बसणाऱ्या गरीब गोऱ्या मुलांनाही शिष्टपणाचे टोमणे चुकत नव्हते.

मराठी माणसाला यात बरंच काही ओळखीचं सापडावं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शहरात शिकायला गेलेला मुलगा दिवाळीला घरी येतो. ‘आनि-पानी’चं ‘आणि-पाणी’ झालेलं असतं. पारावर लगेच कुणीतरी म्हणतं, ‘बामनावानी बोलाय लागला गडी.’ शहरातल्या वर्गात हाच मुलगा उत्तर द्यायला उभा राहिला आणि बोलता बोलता ‘पानी’ निसटलं की तिकडे हशा. उत्तर बरोबर होतं की नाही, हे दोन्ही ठिकाणी कुणी विचारत नाही.

कुणाची हुशारी हुशारी म्हणून धरायची, हाच आपल्याकडचा जुना झगडा. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, तेव्हा सवर्ण मुलांनी एकच गिल्ला केला. फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे होते. ते बाटू नयेत म्हणून मुलं धावली आणि डबे हलवून मोकळी झाली. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात हा प्रसंग आहे. आज व्यावसायिक कॉलेजांत ते काम ‘तुझा रँक किती?’ हा प्रश्न करतो. प्रश्न ओळख करून घ्यायच्या सुरात येतो, उत्तरावरून जात काढली जाते. पुढे त्या मुलाने वर्गात पहिला नंबर काढला तरी त्याला घासू म्हणण्याइतकीही बरोबरी बहाल होत नाही. पेपर सोपा होता, सर मवाळ होते, असं काहीतरी शोधलं जातं. हुशारीची टिंगल व्हायला आधी ती मान्य व्हावी लागते.

मुलींचा हिशेब आणखी वेगळा. दहावीच्या निकालादिवशी ‘यंदाही मुलींची बाजी’ हा मथळा वर्तमानपत्रांनी कायमचा जुळवूनच ठेवलाय. त्याच मथळ्याने मुलग्यांना कळतं की नेटकी वही, सुवाच्य अक्षर, वेळेवर गृहपाठ ही बायकी कामं. अशी वही ठेवणाऱ्या मुलाला ‘बायल्या’ ऐकावं लागतं आणि मुलीला ‘इतकी शिकलीस तर नवरा कुठून आणायचा’ हे नातेवाइकांकडून. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१०च्या पुस्तकात, पती न्यायमूर्ती रानडे आपल्याला शिकवत असताना घरातल्या बायकांनी काय काय टोमणे मारले ते लिहून ठेवलंय. शिकू पाहणाऱ्या बाईला सोबतीच्या बायकांनीच कोंडीत धरण्याचं इतकं शांतपणे लिहिलेलं वर्णन मराठीत दुसरं मला माहीत नाही.

इथे थोडं सावध व्हायला हवं. जीन पीटरसन आणि कॅरन रे यांनी अमेरिकेच्या ११ राज्यांतल्या ४३२ प्रज्ञावान आठवीच्या मुलांना विचारलं, तेव्हा ६७ टक्के मुलांनी शाळेत कधी ना कधी छळ झाल्याचं सांगितलं. २००६ सालचा हा आकडा नेहमी फेकला जातो. पण त्यांनी विचारलं ते फक्त प्रज्ञावान मुलांना. इतर मुलांचा आकडा शेजारी नसताना यावरून हुशारांचाच छळ जास्त होतो असं ठरत नाही. दुसरं असं, की या विषयावर लिहिणारे बहुतेक जण स्वतः पहिल्या बाकावरचे. पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाचा ‘हुशार पोरं नावडती का’ या आशयाचा २००३ सालचा निबंध जगभर वाचला गेला, तो याच जमातीने. (हा लेखही त्याला अपवाद नाही.) मागच्या बाकावरचा मुलगा मोठेपणी शोधनिबंध लिहीत नाही. त्याला ‘ढ’ म्हणणारे मात्र शिक्षकांसह सगळेच असतात, आणि मार्कांनुसार तुकड्या पाडणाऱ्या शाळांत तर तो शिक्का प्रवेशद्वारापासूनच बसतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दहावी फ’ हा २००२ सालचा चित्रपट त्या शेवटच्या तुकडीकडून गोष्ट सांगतो. तिथून पाहिलं की ‘अ’ तुकडीतल्या मुलाला मारलेला टोमणा निव्वळ दुष्टपणा वाटत नाही. दुबळ्यांच्या हातात तेवढंच उरलेलं असतं. पॉल विलिस यांनी ‘लर्निंग टू लेबर’ (१९७७) या पुस्तकात इंग्लंडमधल्या कामगार वस्तीतल्या बारा पोरांबद्दल असंच काही दाखवलं. सरांचं ऐकणाऱ्या मुलांना चिडवता चिडवता ही पोरं स्वतःहून बापाच्याच कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

उपायांत सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी म्हणजे शब्दावर बंदी. ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सने २०२३ साली वर्तमानपत्रांना ‘बॉफिन’ हा शास्त्रज्ञांना चेष्टेने लावला जाणारा शब्द टाकून द्या असं साकडं घातलं. पोरांना दुसरा शब्द शोधायला एक मधली सुट्टी पुरते. हुशार मुलांना वेगळं काढून एकत्र शिकवणं हा दुसरा मार्ग. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी काढली ती या मुलांकडे समाजाचं लक्ष जावं म्हणूनच, आणि तिथल्या मुलांची तरी हुशारी झाकण्यातून सुटका होते. पण अशा जागा थोड्या, आणि मागे राहिलेल्या वर्गाचं काय हा प्रश्न तसाच. कोलमन यांनी सुचवलेली गोष्ट मला जास्त करण्याजोगी वाटते: शाळाशाळांत बुद्धीच्या सामन्यांचे संघ पाठवा, मग गणितात पुढे असलेला मुलगा विकेट काढणाऱ्यासारखा आपला वाटू लागेल. विज्ञान प्रदर्शनाला किंवा नाट्यस्पर्धेला गेलेल्या वर्गात हे दिसतंच. परत येताना एसटीत त्या मुलाला घासू म्हणत नाहीत.

याहून स्वस्त उपाय म्हणजे पेपर हजेरीच्या क्रमाने, घडी घालून, प्रत्येकाच्या बाकावर ठेवणं. काही शिक्षक हे करतात. बोर्डानेही गुणवत्ता यादी जाहीर करणं केव्हाच सोडून दिलं आणि निकाल आता ज्याच्या त्याच्या मोबाइलवर येतो. पण दुपारी एकला निकाल लागला की सव्वाला पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी आपल्या लेकीचे टक्के दशांशासकट टाकतं आणि विचारतं, ‘बाकीच्यांचे किती?’ चारपर्यंत यादी उतरत्या क्रमाने तयार असते. दुसऱ्या दिवशी क्लासचा फ्लेक्स चौकात लागतो, त्यावर तेच चेहरे, तेच आकडे आणि हार्दिक अभिनंदन. शिक्षकांनी घातलेली घडी वर्गापुरतीच टिकते, आणि ग्रुपची ॲडमिन बहुतेकदा पहिल्या आलेल्या मुलाची आई असते.